चार नंबरचं दुखणं

हंगाम सुरू झाला की आमचे ग्रेडरसाहेब कुणाच्या हातात हात देत नसत. दसरा उलटल्यापासून पार होळीपर्यंत त्यांचे हात त्यांचे नसायचे, कापसाचे असायचे. तेल लावणं बंद. पोहे चमच्यानं खायचे, आणि भज्यांची बशी पुढे आली तर खिशातली काडेपेटी काढून एकेक भजं काडीनं टोचून उचलायचे. नवा माणूस हे बघून हसला, की ते त्याच्याकडे इतक्या गंभीरपणे बघत की त्याचं भजं हातातच राहून जाई. 'बोटाले तेल लागलं का बोट आंधळं होते,' हे त्यांचं म्हणणं, आणि त्यांना खरोखरच तसं वाटायचं.

खामगावच्या बाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, आम्ही बरोबर नोकरी केली. मी काट्यावर, ते ग्रेडिंगला. कापसाची गाडी आली की आधी त्यांनी माल पाहून नंबर द्यायचा, मग मी वजन करायचं. चांगला कापूस गाडीत वर लावलेला असतो हे शेंबडं पोरही जाणतं, म्हणून ते कोपरापर्यंत हात खुपसून आतला पुंजका काढत. दोन्ही अंगठ्यांत धरून तो हळूहळू ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं, नाकाजवळ न्यायचा आणि शेवटी त्यातली सरकी दाताखाली धरायची. टक् वाजली तर माल सुका. न वाजता चेपली तर ओल. मग एकच आकडा बोलून ते पुढच्या गाडीकडे चालू लागत.

आवारात कापसाच्या चार गंजी असत. एक नंबरची ऑफिससमोर, मालकाच्या डोळ्यापुढे. मग दोन, मग तीन. चार नंबरची पार मागच्या भिंतीला. पावसात भिजलेला, किडून पिवळी कवडी पडलेला, हंगाम संपल्यावर जुन्याच झाडांवर घेतलेला फरदडीचा, ज्याच्या धाग्यात काही दम उरला नाही असा सगळा माल तिकडे. त्यामुळे ज्याच्यात जोर नाही ते 'चार नंबर' ही आमच्या आवाराची भाषाच होऊन गेली होती. पंखा नीट वारा देईना, चार नंबर. बैल ओढत नाही, चार नंबर. ग्रेडरसाहेब तर भाषण ऐकूनही नंबर द्यायचे, आणि पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तिथं देवघरातली वात निरांजनातून उचलून त्यांनी ओढून पाहिली होती. 'पोरगी चांगली हाये,' बाहेर येऊन म्हणाले, 'पन वाती दोन नंबरच्या.' हीच भाषा त्यांच्या घरातही शिरली. वहिनी शेजारणीला सांगायच्या, 'काही नाही हो, चार नंबरचा ताप व्हता, काढ्यानं उतरला.'

दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे वहिनींचं सगळं जग म्हणजे हे ग्रेडरसाहेब आणि पिंपळगाव राजाला असलेला एक भाऊ. एका वर्षी तो भाऊ गाडी घेऊन आमच्याकडे आला. मेव्हण्याच्या जिनिंगमध्ये आलो म्हणून ऐटीत होता. साहेबांनी हात खुपसला, धागा ओढला, सरकी चावली आणि म्हणाले, 'चार.' भावाला वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नाही हे कळल्यावर तो रडकुंडीला आला, मग शिव्यांवर आला. साहेब तोवर पुढच्या गाडीत कोपरापर्यंत गेलेले. पाठीमागं न बघता म्हणाले, 'कापसाले मामा नसते.' वहिनींनी पंधरा दिवस अबोला धरला आणि भाऊ वर्षभर बहिणीच्या दारात आला नाही. मी मध्ये पडून म्हटलं, तीन तरी दिला असता. ते म्हणाले, 'तुमी काट्यावर किलो वाढवता का?' मी नाही म्हटलं. 'मंग?'

माणूस असा आडमुठा. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्यासारखं होता येत नाही म्हणून स्वतःचाही यायचा.

दुखणं सुरू झालं ते आगीनं. जिनिंगमध्ये आगीला जितकं भितात तितकं वाघालाही कुणी भीत नसेल. एका ठिणगीत गंजीच्या गंजी जातात. एका सकाळी ऐन कामाच्या गर्दीत साहेब गाडीपाशी थबकले, हवेत वास घेतला आणि ओरडले, 'आग! रेचे बंद करा!' सरकी काढणारे रेचे फटाफट बंद झाले, बायका टोपल्या टाकून बाहेर पळाल्या, वाळूच्या बादल्या निघाल्या. चारही गंजी उकरल्या. कुठं काही नाही. साहेबांच्या नाकावर सगळ्यांचा इतका विश्वास, की कुणी चकार शब्द काढला नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मालकानं मला बोलावून विचारलं, 'घेतात का काय हो हे आता?' चौथ्या वेळी ते ओरडलेच नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, ओठ चाटल्यासारखे हलले आणि उभे होते तिथं कोसळले. हातपाय झाडायला लागले. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाला लावली. त्या माणसाच्या नाकाला चप्पल लावलेली मला बघवेना.

शेगावहून गाडीनं आम्ही नागपूर गाठलं. तिथं मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला गाठ निघाली. तो जळका वास बाहेर कुठंच नव्हता, त्या गाठीचाच होता. ऑपरेशन झालं आणि दहा-बारा दिवसांनी तपासणीचा कागद आला. त्यावर लिहिलं होतं अॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड दोन. पहिला शब्द मला नीट म्हणता यायला महिना लागला. दुसऱ्या शब्दावर साहेब खुर्चीत सरळ बसले. वहिनी तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होत्या.

डॉक्टर सज्जन होते, त्यांनी घाई केली नाही. मेंदूत मज्जातंतूंना आधार देणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात, त्यांची ही गाठ, असं त्यांनी सांगितलं. 'हिचे चार ग्रेड. एकची गाठ बहुतेक लहान मुलांत सापडते, तिला कड असते, पूर्ण काढली की बरेचदा विषय संपतो. तुमची दोनची. वाढते सावकाश, पण तिला कड नसते, चांगल्या मेंदूत पसरत जाते. काढता आली तेवढी काढली.'

साहेबांनी डोक्याची पट्टी चाचपली. 'पाला म्हना का ओल?'

डॉक्टरांना कळलं नाही.

'कापसात पाला असला तं वेचून काढता येते. ओल नाही वेचता येत. ते समद्या मालात असते.'

आता डॉक्टर समजले. 'ओल,' म्हणाले.

'अन् तीन, चार?'

'तीनची जोरात वाढते. चार सगळ्यांत वाईट, तिच्यात आठवड्या-आठवड्याला फरक पडतो. आणि आज दोन असलेली पुढे तीन किंवा चार होऊ शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी एमआरआय करायचा.'

हे मात्र साहेबांना पटेना. 'एकडाव नंबर देल्ला तो देल्ला. बदलते कसा?'

'तुमचा कापूस वेचून आणलेला असतो, साहेब. हा अजून झाडावर आहे.'

बाहेर आल्यावर त्यांना हसू आलं. 'उलटा बाजार हाये, बाबू. इथं एक नंबर हलका अन् चार नंबर जोरदार.' तेवढ्यात वहिनी पिशवी घेऊन वर आल्या आणि दोन नंबर ऐकून त्यांच्या डोळ्यांना धारच लागली. 'दोन नंबर? म्हंजे चांगल्याच जोराचं दुखनं हाये की हो हे!' त्यांना उलटं समजलं होतं, हे मला कळत होतं. साहेबांनी मला डोळा मारला आणि हळूच म्हणाले, 'भिऊ द्या थोडी. मंग मले गोळ्या टाइमावर देईन.' मीही हसलो. बायकोची एवढी थट्टा कुणीही करतो. तो गैरसमज मी तेव्हाच दूर करायला हवा होता.

पुढची काही वर्षं बरी गेली. झटक्यांच्या गोळ्या चालू होत्या, साहेब कामावर येत होते. सहा महिन्यांचा एमआरआय त्यांनी तीन वर्षं नेमानं केला. मग एकदा ऐन हंगामात तारीख आली, ती टळली. पुढचीही टळली. मी आठवण केली तर म्हणाले, 'माल दोन नंबरचा हाये, जाऊन जाऊन कुठं जाते?' त्या दोन तारखा टळल्या नसत्या तर काय झालं असतं, हे नंतर मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कदाचित लवकर कळलं असतं, कदाचित तरीही हेच झालं असतं. अशा उत्तराचं माणसानं काय करायचं?

एक दिवस ते शांतपणे काट्यावर आले आणि माझ्या कानाशी वाकले. 'बाबू, तुमाले जळका वास येऊन राह्यला का?'

'नाही,' मी म्हटलं.

'मंग माहाच हाये.'

पुन्हा नागपूर. या वेळी गाठ बोलण्याच्या जागेला इतकी भिडली होती की डॉक्टरांनी तपासणीपुरता तुकडाच काढला. कागदावर ग्रेड चार आलं. रेडिएशनचा शेक आणि गोळ्या घेऊनही हातात वर्षभर, कदाचित कमीच, असं त्यांनी आम्हां दोघांना सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं, 'बोलनं जाईन का?' डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

वहिनी बाहेर बाकावर होत्या. उठून समोर आल्या. 'काय निघालं?'

'चार,' साहेब म्हणाले.

वहिनींनी क्षणभर हिशेब केल्यासारखं केलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. 'दोनाचा चार झाला? म्हंजे उतरला!' नागपूरच्या त्या दवाखान्यात शेगाव कुठल्या दिशेला हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिडकीकडे तोंड करून हात जोडले आणि डोळे मिटले. मी बोलायला तोंड उघडलं. हंगामाचे दिवस होते, तरी साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

परतीच्या गाडीत वहिनींना दुपारची झोप लागली. किती दिवसांनी झोपल्या होत्या कोण जाणे. साहेब खिडकीबाहेरची शेतं बघत म्हणाले, 'सारी उमर लोकं म्हनत राह्यले, साहेब, नंबर सुधरवून द्या. कोनाले देल्ला नाही. हिले देऊ द्या.'

'कळेलच की कधीतरी,' मी म्हटलं.

'कळंन तवा कळंन. तोवर झोपंन तं.'

मला ते फार मोठं वाटलं. आयुष्यभर एका आकड्यानंही न हललेला माणूस बायकोसाठी हलला, या विचारानं माझे डोळे भरून आले. मी वचन दिलं. आज मला त्या भरून आलेल्या डोळ्यांची लाज वाटते.

अकोल्याला शेक सुरू झाला. ऑपरेशन नाही, नुसता शेक, यावरून वहिनींची खात्रीच पटली की दुखणं हलकं आहे. कागदांची पिशवी मी माझ्याकडे ठेवली होती. शेक संपून घरी आल्यावर साहेब हट्टानं एक दिवस जिनिंगमध्ये आले. एका गाडीत हात घातला, पुंजका काढला, पण उजवा अंगठा धरेना. धागा निसटून खाली पडला. डाव्या हातानं त्यांनी दुसरा पुंजका काढून सरकी दाताखाली धरली. टक् वाजलेलं मलाही ऐकू आलं. माल एक नंबरचा होता. आकडा बोलायला त्यांनी तोंड उघडलं, बराच वेळ शोधलं आणि म्हणाले, 'बुधवार.' गाडीवाले खो खो हसले. साहेबांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा 'बुधवार'च आलं. मी त्यांना रिक्षात घालून घरी सोडलं. त्यानंतर ते आवारात आले नाहीत.

मी दर रविवारी जायचो. मिठाला ते 'गाडी' म्हणत, पाण्याला 'खालचं' म्हणत. हातातलं सगळं सुटून पडे. वहिनींना आधी गंमत वाटली, कारण नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा त्यांना नवा नव्हता. मग त्या चिडायला लागल्या. 'चार नंबरचं दुखनं अन् चाळीस नंबरचं सोंग!' असं म्हणायच्या. 'पाहा ना भाऊजी, दोन नंबरचं व्हतं तवा ह्या मानसानं रोज नोकरी केली. आता उतरतीले लागलं, तं लोळून राह्यले. कामाचा कंटाळा आला, दुसरं काही नाही. सोंगाडे झाले सोंगाडे!' त्या वाईट बाई नव्हत्या. नवऱ्याला खडसावलं की तो उठेल, चालेल, पहिल्यासारखा होईल, एवढ्याच आशेनं बोलत होत्या. साहेब एका बाजूनं हसत. तोंडाची दुसरी बाजू हलत नव्हती.

एका रविवारी त्यांनी साहेबांपुढे ताट ठेवलं आणि म्हणाल्या, 'आज मी भरवनार नाही. हातानं खाल्ल्याबिगर उठाचं नाही.' आणि आत भाकरी टाकायला गेल्या. साहेब ताटाकडे बघत बसले. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, डाव्यानं घास उचलला की तो शर्टावर. डाळ घट्ट होऊन गेली. शेवटी माझ्यानं राहवेना. मी त्यांच्याजवळ सरकलो आणि आतल्या चुलीचा कानोसा घेत चोरून त्यांना भरवलं. घासागणिक ते माझ्याकडे बघत होते. काय म्हणत होते कोण जाणे. ताट संपलं तशा वहिनी बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'पाहा! जेवले ना? हात चालते म्हना की. मले मालूम व्हतं, हे समदं सोंग हाये.'

तेव्हा बोलायचं होतं. त्याच क्षणी बोलायचं होतं. मी पाण्याचा गडू उचलून बाहेर हात धुवायला गेलो.

शेवटी झटके थांबेनात म्हणून अकोल्याला नेलं. शुद्ध गेलेली होती. एक तरुण डॉक्टरीणबाई कागद चाळत वहिनींना म्हणाल्या, 'ताई, ग्रेड चार म्हणजे काय ते तुम्हाला सांगितलंय ना सगळं?'

'हाव,' वहिनी म्हणाल्या. 'हलकं हाये. दोनाचं चारावर उतरलं.'

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या वहिनींना बाकावर घेऊन बसल्या आणि आम्ही जे इतके दिवस झाकून ठेवलं होतं ते त्यांनी नीट, सावकाश सांगितलं. वहिनी रडल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि साहेबांचा उजवा हात हातात घेऊन बसल्या. त्यांना आता हाक मारून उपयोग नव्हता, तरी त्या मारत होत्या. तिसऱ्या दिवशी साहेब गेले.

तेरवी झाली. पिंपळगाव राजाचा भाऊ तेराही दिवस बहिणीपाशी होता, मोठमोठ्यानं रडला. पाहुणे गेल्यावर मी वहिनींसमोर जाऊन बसलो. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो, पण त्यांनीच सुरुवात केली.

'त्याइनं नाही सांगतलं, समजलं. पन भाऊजी, तुमी तर काट्यावरचे मानूस. तुमी काऊन नाही सांगतलं?'

'वहिनी, त्यांनी माझ्याकडून वचन...'

'त्या रविवारी तुमीच भरवलं व्हतं ना?'

'हो,' मी म्हटलं.

'म्या त्याइले सोंगाड्या म्हनलं,' त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, डोळे कोरडे होते. 'रोज म्हनलं. मरत्या मानसापुढं ताट ठेवून निघून गेली मी. मले मालूम असतं तं म्या त्याइले एकडावबी तोडून बोललं नसतं. मांडीवर डोकं घेऊन बसली असती. तेवढे दिवस व्हते माह्याजवळ, ते तुमी दोघानं घेतले.'

मी म्हटलं, 'तुम्हाला त्रास होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती.'

'त्याइची इच्छा व्हती,' वहिनी म्हणाल्या. 'माही कोनं इचारली?'